पाणी मात्र कढत!

...गरम नाही म्हणत मी, कढत! सकाळी नळाखाली बोट धरायची सोय नाही! आणि घरात माणसं किती? हा एवढा मी! आंघोळीला लागते बादली, आणि गच्चीवर लग्नघराला पुरेल एवढी टाकी!

चिरंजीवांची कृपा. ते असतात लांब. 'बाबा, आता तुम्हाला काही बघायला नको!' अहो, गच्चीवर हा भलाथोरला वाकवलेला आरसा, सगळं ऊन गोळा करून एका काळ्या नळीवर सोडतो, पण त्याला उन्हामागे फिरवायचं कोणी? मीच! डोक्याला फडकं, हातात दांडा, सूर्य सरकला की मी सरकायचं. ही असती तर खालूनच ओरडली असती, 'आधी चहा घ्या, गार होतोय!' आता चहा रोजच गार... पाणी मात्र कढत!

आणि फोन? तुम्हाला सांगतो, टाकीचं तापमान चिरंजीवांना तिकडे मोबाइलवर दिसतं. पाणी कढत, म्हणजे बाबा ठणठणीत! मग विचारायचं काय राहिलं?

एकदा मला कणकण आली, आरसा फिरवायचा राहून गेला. दुपारच्या आत फोन! 'बाबा! पाणी गार कसं? बरे आहात ना? जेवलात का?' जेवलात का!... ताप कुठल्या कुठे पळाला हो! मग काय, लागली चटक. मधूनच आरशाची पाठ करायची उन्हाकडे, गार पाण्यानं आंघोळ करायची आणि फोनजवळ जाऊन बसायचं. नाक वाहतंय, दात वाजताहेत, पण लेक बोलतोय!

तर त्यानं मेकॅनिक धाडला. 'काका, मोटर बसवलीय. आरसा आपला आपण फिरणार. तुम्ही आराम करा!' आराम! मी गुपचूप आरशावर चादर टाकली, ती उडाली शेजारच्या वहिनींच्या दोरीवर. 'भाऊजी, तुमची गच्ची कमी पडते का?' म्हटलं, वहिनी, गरम पाणी देऊ का बादलीभर? 'नको हो, आमच्याकडे गीझर आहे.' झालं! माणसं आपापल्या घरी, पाणी मात्र कढत!

परवा दिवसभर आभाळ. टाकी गारठली! मी दाढीबिढी करून, फोन मांडीवर घेऊन बसलो. वाजलाच नाही. संध्याकाळी नुसता मेसेज : 'तिकडे ढग आहेत, दिसलं मला. काळजी नको.'

आज पुन्हा लख्ख ऊन. मोटर फिरतेय, पाणी कढत... काय हो, तुमच्यापैकी कोणाची आंघोळ राहिलीय का? टॉवेल मी देतो.