टाकीवर अंथरलेला निळा कपडा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्राण्यांच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर, म्हणजे आपले सर, त्यांच्या शेजारी बसलेले पाहुणे, माझे सहकारी, आणि ज्यांना आपण आज हार घालून वाटेला लावतोय त्या आपल्या ताई, सगळ्यांना नमस्कार.

मी इथली सगळ्यात ज्युनिअर डॉक्टर. मला सांगितलंय, दोन मिनिटं, गोड बोल. प्रयत्न करते.

ताईंनी बावीस वर्षं या खोलीत लुळ्या पडलेल्या कुत्र्यामांजरांना पुन्हा चालायला शिकवलं. मालिश, सुया, आणि ती काचेची टाकी, कोमट पाणी, तळाशी सरकता पट्टा. कुत्र्याच्या आधी ताई स्वतः पाण्यात उतरायच्या. "अगं, मी बुडत नाही हे त्याला दिसायला नको?"

सर मघाशी म्हणाले, ताई स्वेच्छेने निवृत्त होतायत. कुणाच्या इच्छेने, सर? सोमवारपासून इथे कुत्र्यांचे केस कापायचं पार्लर होणार, हे ताईंना भिंती रंगवायला आलेल्या माणसाकडून कळलं!

असो. गोड बोलायचंय.

आपल्याकडे 'खडूस' नावाचा एक कुत्रा येतो. आखूड पाय, लांब पाठ, सगळ्यांवर गुरगुरणारा. त्याला पाळणारे आजोबा घड्याळं दुरुस्त करतात. महिन्यापूर्वी त्याचे मागचे पाय गेले. सरांनी मागच्या पायाचं बोट चिमटीत दाबलं. कुत्र्यानं वळून बघितलं तर आशा, नाहीतर नाही. खडूसनं बघितलं नाही. सरांनी कार्डावर लिहिलं, 'उपयोग नाही. कायमचं झोपवावं.' आजोबा तिथेच खाली बसले. ताई म्हणाल्या, "उठा हो. गारठलेल्या पायाला काय कळणार? सहा आठवडे द्या मला."

सर हसले. "पोहण्याच्या शर्यतीत उतरवताय का?" आम्हीही हसलो. मीसुद्धा. त्याची लाज वाटते.

आज चौथा आठवडा. मघापासून सगळे विचारतायत ना, ताईंच्या हाताला पट्टी कसली? काल पाण्यात त्यांनी तेच बोट दाबलं. खडूस वळला आणि कडकडून चावला. ताई रक्ताळलेला हात नाचवत ओरडल्या, "चावला गं, चावला मेला!" इतका आनंद मी या इमारतीत दुसरा पाहिला नाही.

आणि आज सकाळी आपण काय केलं? गुच्छ ठेवायला टेबल कमी पडलं म्हणून टाकी रिकामी केली, वर फळ्या टाकल्या, निळा कपडा अंथरला. सर, तुमचा कोपर त्याच टाकीवर आहे.

खडूसची वेळ चारची. आजोबा त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून दाराबाहेर उभे आहेत. टाकी बंद झाल्याचं त्यांना कुणी कळवलंच नाही. कार्डावर सरांची ओळ अजून तशीच आहे, ताई गेल्यावर तीच चालणार.

तुम्ही सगळे आलात, ऐकून घेतलंत, आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेन तर पोटात घाला. फक्त पुढच्या रांगेतल्या दोघांनी ते गुच्छ उचला. पाणी कोमट व्हायला चाळीस मिनिटं लागतात. ताई, चप्पल काढा.