सगळेच अहो

...आणि वर मलाच म्हणते, "बाबा, सोप्पंय!" सोप्पंय म्हणे! अहो, मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, अंधाऱ्या खड्ड्यात उतरून, डोक्यावर अख्खी लिफ्ट लटकत असताना... मला यंत्राची भीती घालता? पण हा चष्मा! तुम्हाला सांगतो, या एवढ्याशा चष्म्यानं मला रडकुंडीला आणलंय!

झालं काय, आमची ही विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शेजारीण. डॉक्टर म्हणाले, "हे वाढत जाणार." भ्यालो हो मी! उद्या मलाच विसरली तर? तर परगावच्या लेकीनं हा चष्मा पाठवला. "बाबा, पुढे फोनबिन राहणारच नाहीत, सगळं डोळ्यांवर येणार! आई ज्याच्याकडे बघेल त्याच्या डोक्यावर नाव दिसेल. भरायचंसुद्धा नाही काही, आई जी हाक मारेल ती तो आपला आपण शिकतो. सोप्पंय!"

आणि शिकला की! गॅस चालू राहिला की हवेत बाण, 'बंद करा'. बाथरूमकडे बाण. लेकीचा चेहरा दिसला की 'छकुली'. चाळिशीला आलीय छकुली! आणि मी? हिला जे दिसतं ते माझ्या फोनवरही दिसतं, म्हणून बघितलं, तर माझ्या टकलावर ठळक अक्षरांत... 'अहो'!

बरोबरच आहे, लग्न झाल्यापासून दुसरं काही म्हणालीच नाही! मी खूश. पण नळवाला आला, "अहो, चपला बाहेर काढा!" झाला तो अहो. कुरिअरवाला अहो. वॉचमन अहो. डॉक्टर तर "अहो डॉक्टर", म्हणजे शिकलेला अहो!

पुढं ऐका. दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीशी गेलो, वळून बघतो तर हिची खुर्ची रिकामी! धावलो. तर ही लिफ्टपाशी, एका टायवाल्या गृहस्थाचा दंड धरून, "अहो, चला ना घरी, कंटाळा आला." तो बिचारा घामाघूम, बाजूला त्याची बायको लालबुंद, "कोण ही? आणि कधीपासून अहो?" मी मध्ये पडलो, म्हटलं, "ताई, अहो मी आहे!" तर ती म्हणते, "मग हे कोण?" आता काय सांगणार, कप्पाळ?

लेकीला फोन लावला. "आई, बाबांचं नाव घे ना. एकदाच! सोप्पंय!" सोप्पंय म्हणे! हिनं तोंड फिरवलं, "इश्श, काहीतरीच! मी नाही बाई." लेक हसली. मीही हसलो. आणि हसता हसता थांबलो... ही लाजली, की हिला माझं नावच आठवत नाही? तुम्हीच सांगा, कसं ओळखायचं? जे नाव कधी तोंडातून आलंच नाही, ते आत आहे की गेलं, बघायचं कुठं? लिफ्ट अडकली तर मी नुसत्या आवाजावरून सांगेन कुठं अडकलीय. इथं आवाजच नाही हो! आणि सरळ विचारायची माझी हिंमत होईना.

शेवटी लेकीनं तिकडूनच माझं नाव टाकलं. पूर्ण, आडनावासकट. मी केस विंचरले, आहेत तेवढे, आणि जाऊन हिच्यासमोर उभा राहिलो. हिनं मान वर केली. ओठ हलले. आणि अख्खं नाव मोठ्यानं वाचलं! आयुष्यात पहिल्यांदा! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी... तोवर ही उठली, खुर्ची पुढे सरकवली, आणि म्हणाली, "या, बसा ना. आमचे हे येतीलच एवढ्यात."

बसलो! काय करणार? तिनं पाणी आणून दिलं, ते प्यायलो, आणि माझीच वाट बघत बसलो.

मग लेकीला म्हटलं, बाई गं, परत 'अहो' कर. होऊ दे सगळं गाव अहो, त्यात मी तरी असेन! आता बाहेर पडलो की मी हिचा हात सोडतच नाही. लोक म्हणतात, "या वयातसुद्धा काय हे प्रेम!" अहो, प्रेम कसलं घेऊन बसलात... गर्दीत अहो फार झालेत!