चालक सतरा, कारण सांगा

...आणि वर मला म्हणते काय, "चालक सतरा, तुम्ही ब्रेक फार मनापासून मारता!" आता तुम्हीच सांगा, ब्रेक काय वरवर मारायचा असतो? चोवीस वर्षं न्हावा शेवा बंदरात चाळीस फुटी ट्रेलर चालवला मी, मागं एवढा थोरला कंटेनर, तिथं ब्रेक मनापासून नाही मारला तर माणूस थेट समुद्रात! आणि ही कालची पोर... बरं, परकी असती तर दोन शब्द ऐकवले असते. पण ती रुचिता. आमच्या मितेशची बायको. माझी सून हो, सख्खी सून! सकाळी घरात म्हणते, "बाबा, चहा घ्या," आणि तासाभरानं कंट्रोल रूममध्ये बसून माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून, भरल्या बसमध्ये, "चालक सतरा, एक गुण कापला!"

तुम्हाला सांगतो, कंबरेनं दगा दिला म्हणून ट्रेलर सोडला, नाहीतर कशाला या भानगडीत पडतो! चार महिने घरी बसलो, तर कमळनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, हातच जोडले. "अवो, तुमी कामाला लागा, न्हायतर मी लागते, पन दोघांतलं एक घराभाईर जाऊ दे!" तेव्हा रुचिताच म्हणाली, बाबा, नव्या शहरात बॅटरीच्या बस आल्यात, अर्ज करा. केला. पण नोकरी अशी उचलून हातात देत नाहीत. आधी तीन महिने चाचणी. शंभर गुण तुमच्या नावावर, चूक झाली की कापायचे, शेवटी सत्तर उरले तर कायम, नाहीतर नमस्कार. शाळेत पस्तीसच्या वर कधी गेलो नाही मी, आणि आता या वयात सत्तर!

बस मात्र... खोटं कशाला बोलू, बस म्हणजे लोणी! धूर नाही, धडधड नाही, पाय उचलला की आपोआप हळू होते आणि हळू होता होता बॅटरी भरून घेते. सिग्नलला लांबूनच कळतं की बस येतेय, तो हिरवा होऊन उभाच. गिअर नाही! पहिला आठवडाभर माझा डावा हात आपला गिअर शोधतोय, आणि हाताला लागायची पाण्याची बाटली. दर सिग्नलला बाटली पहिल्यात टाकायचो मी! आणि डेपो कुठं, तर जिथं माझ्या बापाचं मिठागर होतं, तिथंच. बाप त्या उन्हात मीठ पिकवायचा, आता त्याच उन्हात छपरावरच्या सौर पाट्या वीज पिकवतात. दुपारी बस तिथं वायर लावून जेवते, आणि बाजूला मी डबा उघडून. बरं वाटतं हो. कंबर तर दुखायचीच विसरली!

पण गुण! पुलावर म्हैस आडवी आली, भोंगा वाजवला... "शांतता क्षेत्र, दोन गुण कापले!" म्हैस जागची हलली नाही, माझे गुण गेले. स्टेशनवर अर्धं मिनिट आधी पोचलो, मला वाटलं शाबासकी मिळेल... कापले! उशीर झाला, कापले! रात्री जेवताना मी म्हटलं, "बाय, घरच्या माणसाला थोडं इकडंतिकडं..." तर ताटात भाकरी वाढत म्हणते, "बाबा, घरच्या माणसाचं सोडलं तर बाकीचे चालक माझं का ऐकतील?" आणि कमळ कुणाच्या बाजूची? "बराबर बोलतं पोर!"

आता खरी गोष्ट इथून पुढं. आमच्या गावच्या बांधाला रस्ता वळतो ना, तिथं थांबा नाही. कॉम्प्युटर म्हणतो, त्या वळणावर कुणी चढत नाही. अरे, थांबाच नाही तर चढणार कुठून, खिडकीतून? पूर्वी टमटमवाले तिथून बायका घ्यायचे. बस आली, टमटम बंद झाल्या, आणि बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन पुढच्या थांब्यापर्यंत दीड किलोमीटर चालतात. त्यांच्यात आमची मैनाआत्या. बापाची चुलत बहीण, पासष्ट वर्षांची, कोलंबी विकायला नव्या इमारतींत जाते. मी ट्रेलरवर होतो तेव्हा हिला कितीदा केबिनमध्ये बसवून नेलंय! आता रोज ती हात करते आणि मी... मी सरळ समोर बघतो. मग मागून येतो आवाज, काच बंद असली तरी येतो, "इलेक्ट्रिक झालास म्हून वळख इसरलास का रं, दया?" अख्खी बस हसते. मी काय करू? न ठरलेल्या जागी थांबलं की पाच गुण! दीड महिना तिच्या शिव्या खाल्ल्या मी. रोज नवी शिवी, एकही पुन्हा नाही.

चाचणीचे दोन दिवस राहिले. नावावर गुण किती? बहात्तर! घरात कमळनं नारळ आणून ठेवला. सकाळी बस घेऊन निघालो, वळणावर आलो, शिवी ऐकायची तयारी करून मान खाली घातली... तर शिवी नाही! बघतो तर मैनाआत्या रस्त्याकडं पाठ करून उभी. हात केला नाही, बघितलं नाही. पाटी खाली ठेवलेली आणि एका हातानं गुडघा दाबत होती. अहो, शिवी दिली असती तर सरळ पुढं गेलो असतो मी! देवाशपथ गेलो असतो. पण ती पाठ बघितली आणि पाय आपोआप उचलला गेला. बस थांबली. दार उघडलं.

"चालक सतरा, न ठरलेल्या जागी थांबलात. कारण सांगा."

मी म्हटलं, "कारण? कारण मैनाआत्या."

तोवर आत्या चढली, मागून सहा बायका, आणि ए.सी. बसमध्ये कोलंबीचा जो काही घमघमाट सुटला! टाय लावलेला एक जण उठून उभाच राहिला. आत्या छताकडं बघून म्हणते, "कोन गं ती वरती? रुचिता का? अगं, तुझ्या हलदीला दोन पाट्या कोलंबी मी दिली, आनि तू माज्या दयाला जाब इचारतंस?" मग स्पीकर हळूच म्हणाला, "आत्या, नीट धरून बसा, बस निघतेय." मी म्हटलं, चला, सून विरघळली! आणि वळण संपायच्या आत... "चालक सतरा, पाच गुण कापले."

सदुसष्ट!

त्या रात्री मितेश माझ्याकडं बघेना, कमळनं नारळ फडताळात सरकवला. रुचितानं माझ्यासमोर कोलंबीचं कालवण ठेवलं, मी म्हटलं, "आजच्या दिवशी हेच करायचं होतं?" तर म्हणते, "आत्यानं पाठवलंय. बाबा, उद्या केतनसाहेबांनी बोलावलंय तुम्हाला." झालं! म्हटलं, तिसऱ्या महिन्यात परत घरी, परत कमळचे जोडलेले हात.

सकाळी गेलो. केतनसाहेब वाहतूक विभागाचे मोठे साहेब, समोर हा एवढा पडदा. म्हणतात, "दयारामभाई, बघा." बघतो तर माझ्याच बसच्या कॅमेऱ्यातले फोटो! रोजचे! वळणावर हात करणारी आत्या, तिच्यामागं बायका, आणि खाली आकडा, आज सात, आज अकरा, आज नऊ. दीड महिना मी समोर बघत निघून जात होतो आणि ही पोर वर बसून एकेक बाई मोजत होती! कॉम्प्युटरला चढणारे दिसतात, उभे राहिलेले दिसत नाहीत, असं तिनं साहेबांना लिहून दिलेलं. वर हेही की, पुढं बस अर्धी रिकामी धावते, वीज तेवढीच जाते, मग या बायकांना घेऊन का नाही जायची? साहेब म्हणाले, "थांबा मंजूर. सोमवारपासून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. मी रुचिताकडं बघितलं, म्हटलं, "बाय, म्हणजे माझे पाच गुण...?"

तर ती म्हणते, "बाबा, थांबा सोमवारपासून आहे. तुम्ही गुरुवारी थांबलात."

आणि साहेब मान डोलावतात! चाचणी आणखी तीन महिने वाढवली. कायम नाही, पण घरीही नाही... आता यावर रडायचं की हसायचं? मी आपला हसलो. आत्या हल्ली त्या थांब्याच्या बाकावर अशी बसते, जसा काही तिनंच बांधलाय, आणि बसमध्ये चढली की टायवाला स्वतःहून पाटीला हात लावतो. परवा तिच्याकडून पापलेटही घेतलं त्यानं.

पण तुम्हाला सांगतो, कालपासून नवीनच. थांबा दारात आला म्हणून कमळही बाजाराला बसनंच निघाली. बसली कुठं, तर नेमकी माझ्या पाठीमागच्या सीटवर. स्टेशनपर्यंत तोंड बंद नाही! "अवो, त्या आजीला चढू दे... अवो, मिशी कापा आता, आरशात दिसते..." म्हणजे आता वरून सून, मागून बायको. माझ्या हातात राहिला तो पुढचा रस्ता. तोही फक्त डाव्या लेनमधला.