पिशवीतनं हात बाहेर

...नाही, मला सांगा, झोपायच्या पिशवीचा पायाकडचा घेर किती असावा ह्यावर माणसानं जेवताना बोलावं का? भात कालवताना? आणि एक दिवस नाही हो, नवरात्र गेलं, दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं, तरी आमच्या घरात पिशवीचा घेर काही ठरेना! शी! वीट आलाय मला त्या स्लीपिंग बॅगेचा. कुणी नुसतं 'बॅग' म्हटलं तरी माझं डोकं उठतं.

आणि तुम्हाला सांगते, माझा हट्ट काय होता? एवढासा! आम्ही सांगलीत आमराईत सकाळी फिरायला जातो, तिथं जोतीराम सुभेदार येतात. फौजेतून रिटायर झालेले, मिशा अजून ड्यूटीवर. ते एक दिवस म्हणाले, "वैनी, डोंगरावर चला की. आमचा ग्रुप हाय. कोयनेच्या अंगाला, दोन दिस चालायचं, एक रात मुक्काम, आपापलं बिऱ्हाड आपल्या पाठीवर." मी म्हटलं, नको हो, घरचं कोण बघणार? तर म्हणतात कसे, "आवं, सकाळच्याला मी सोता च्या करून देतो. फौजी च्या! तुमी उठायचं बी न्हाई. पिशवीतनं निस्ता हात भायेर काढायचा!"

संपलं! विरघळले मी! अहो, लग्न झाल्यापासून मला आयता चहा मिळालाय दोनदा. एकदा बाळंतपणात, आणि एकदा मिरजेला ऑपरेशन झालं तेव्हा, आणि त्या दुसऱ्याला चहा म्हणायचं म्हणजे... जाऊ दे. डोंगर नको, सूर्योदय नको, फोटो तर अजिबात नको. मला एक सकाळ हवी होती. पिशवीतनं नुसता हात बाहेर काढायचा!

घरी येऊन सांगितलं, मी जाणार. झालं, आमचे सुमंतराव सरसावून बसले. कुपवाडच्या कारखान्यात क्वालिटी बघतात ना! दिवसभर नट-बोल्ट नापास करायचे आणि घरी येऊन पोळी उजेडाकडे धरून बघायची. "उमा, घाई नाही करायची. आधी स्टडी करू." आणि मग जो काही स्टडी सुरू झाला म्हणता... पिसांची घ्यावी की सिंथेटिक, पिसं भिजली तर गोळा होतात का, चेन डावीकडे की उजवीकडे... अहो, मला बघायला आले तेव्हा ह्या माणसानं एक प्रश्न विचारला नव्हता! कांदेपोहे खाल्ले, हो म्हणाला, उठला!

शेवटी कराडला एक दुकान कळलं, तिथं गेलो. तिथला पोरगा बिचारा म्हणाला, "सर, ही पाच डिग्रीपर्यंत चालते." ह्यांनी चष्मा वर केला. "चालते म्हणजे? पाच डिग्रीला छान झोप लागते, की पाच डिग्रीला माणूस नुसता मरत नाही?" मग मला दुकानात, भर दुकानात हो, जमिनीवर, त्या पिशवीत आडवं केलं! वरून कानटोपीसारखी दोरी आवळली, फक्त नाक बाहेर, आणि नेमकी तेव्हाच आमच्या भिशीतली श्रद्धा, तिचं माहेर कराडचं, आत आली. वाकून बघते, "अगंबाई, उमाताई का?" मी कुठल्या तोंडानं हो म्हणू? तोंड आत होतं!

आणि तेवढ्यात त्या पोरानं घात केला. म्हणाला, "सर, हिला शेजारच्या बॅगेची चेन जोडता येते. जोडप्यांसाठी." आमच्या ह्यांचे डोळे असे चमकले, असे चमकले! "मग दोन द्या. मी पण येतो." मी जमिनीवरून ओरडतेय नको नको, तर ह्यांना वाटलं दोरी टोचतेय! अहो, ज्या माणसाच्या 'चहा झाला का गं' पासून एक सकाळ सुटायला निघाले होते, तोच माणूस मला चेनीनं जोडून दिला!

बरं, म्हटलं, येऊ देत. चहा तर सुभेदार करणार आहेत ना. पिशवीतनं नुसता हात बाहेर काढायचा!

घरी आलो तर, टेस्ट! सांगलीत थंडीतसुद्धा दुपारी उकडतं, त्या उकाड्यात कूलरमध्ये बर्फ टाकून समोर मला पिशवीत घातलं. हे थर्मामीटर घेऊन शेजारी. "उमा, पायाला गार लागतंय का? आकड्यात सांग." पायाला काय आकडे असतात? घामानं निथळतेय मी, आणि तिकडं कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या! सासूबाई ओरडतायत, "उमा, डाळ लागतेय!" ह्यांना गॅस बंद करता येत नाही का? येतो की! पण रीडिंग घेत होते! चेन अडकलेली. शेवटी मी उठले आणि पोत्यांच्या शर्यतीत पोरं उड्या मारतात तशी उड्या मारत स्वयंपाकघरात गेले आणि हनुवटीनं... खोटं नाही सांगत, हनुवटीनं गॅस बंद केला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी गोधडी होती. तिला पाय आत घालायचे, बाहेर काढायचे, संपलं."

मग स्टोव्ह! सुभेदारांनी सांगितलं होतं, "जंगलखात्याची मनाई हाय, जाळ करता येत न्हाई, त्यवढा स्टोव्ह कुणीतरी घ्या." कुणीतरी! हे आहेतच! स्पिरिटचा, पेट्रोलचा, गॅसच्या डब्यावरचा... सगळे वाचले, सगळे नापास केले, आणि शेवटी मुठीत मावेल एवढा, डब्यावर फिरवून बसवायचा, असा एक आणला. टेबल फॅनपुढं पेटवून बघितला, विझला नाही, तर ह्यांना इतकं भरून आलं की लगेच ग्रुपवर मेसेज, 'आमच्याकडे उत्कृष्ट स्टोव्ह आहे. इतरांनी आणून वजन वाढवू नये.' आणि सगळ्यांनी अंगठे दिले!

आता पुढचं ऐका. तो स्टोव्ह सासूबाईंनी बघितला. "नवी शेगडी आणि तशीच न्यायची? दूध उतू गेलं पाहिजे. नाहीतर शेगडी लाभत नाही." आता ह्यांनी सांगायचं ना, की आई, हे यंत्र आहे! छे! आईसमोर क्वालिटी गुंडाळून ठेवतात. शेगडीला हळदकुंकू वाहिलं, वर पातेलं चढवलं, सगळे हात जोडून उभे, आणि दूध असं भसाभसा उतू गेलं की विचारू नका. सासूबाई म्हणाल्या, "भरभरून लाभणार!" ह्यांनी वरवर फडकं मारलं, चकचकीत केला, पाठीवरच्या सॅकमध्ये टाकला.

गेलो एकदाचे डोंगरावर. चढताना जीभ बाहेर आली, ते सोडा. संध्याकाळी घरच्या भाकऱ्या, चटणी खाल्ली, पिशव्यांत शिरलो. चेनीनं जोडलेल्या! मी ह्या कुशीवर वळले की हे ओढले जायचे, हे वळले की मी! पण मी मनाला सांगत होते, उमा, सोस. सकाळी पिशवीतनं नुसता हात बाहेर काढायचा!

उजाडलं. मला जाग आली, पण मी डोळे मिटून पडून राहिले. असलं सुख! थंडीनं नाकाचा शेंडा गेलेला, आत ऊब, आणि बाहेर सुभेदार पातेल्यात पाणी ओततायत. मी हळूच एक हात बाहेर काढून ठेवला. तयारीत!

खट्. खट् खट्. खट् खट् खट्.

"ह्यो का पेटंना रं सुमंतराव?" "थंडीनं डब्यातला दाब कमी झाला असणार." लागले चर्चेला! डबा काखेत धरून गरम करतायत, एक जण फुंकर मारतोय, एक जण मोबाइलला रेंज शोधतोय... आणि मला आत पडल्या पडल्या कळलेलं, दूध! भोकांमध्ये दूध वाळून बसलंय, वर हळदकुंकू! आणि माझ्या बांगडीत सेफ्टी पिन. टोचायला लागली हो ती मला! मी म्हटलं, उमा, उठायचं नाही. आज काही झालं तरी उठायचं नाही. तर सुभेदार म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आज बिनच्याचंच उतरू."

बिनचहाचं? मग मी ही सगळी वणवण कशासाठी केली? चेन काढली, उठले, डबा सोडवला, स्टोव्ह दगडावर आपटला, एकेक भोक पिनेनं टोकरलं, परत बसवला, आणि... भक्क! निळा जाळ! टाळ्या वाजल्या. मी सुभेदारांना म्हटलं, घ्या, आता करा तुमचा फौजी चहा. तर मागं सरकले हो! "आवं वैनी, त्यो तुमच्या हाताला आलाय. मी हात लावला आन इझला मंजी? लय थंडी बी हाय." आणि शिरले की पिशवीत!

केला मग. आलं ठेचून केला. एवढ्याशा पातेल्यात घाण्यावर घाणे काढावेत तसा केला. आणि वळून बघते तर काय... पिशव्यांची ओळ, आणि प्रत्येक पिशवीतनं एकेक हात बाहेर! मिशांचा हात, मनगटावर घड्याळ असलेला हात, आणि आमच्या ह्यांचा, दोन बोटं हलवून, "उमा, साखर जरा कमी."

सगळ्यांना दिला. शेवटचा कप उरला, तो माझ्या पिशवीजवळ दगडावर ठेवला. आत शिरले. चेन गळ्यापर्यंत ओढली. डोळे मिटले. आणि पिशवीतनं नुसता हात बाहेर काढला, कप घेतला.

गार झाला होता हो... पण आयता होता.