हरलात तर गाव द्या

कल्याण : …आणि तिसरं तर मी वाचलं न् लगीच सांगितलं. गुडघा! बरोबर आलं का न्हाई, सुकन्या?

सुकन्या : आलं.

कल्याण : ऐकलंस का, आई? चार दिवसांत तुझं एक कोडं मला अडलं न्हाई.

रंगुबाई : ऐकलं. म्हनून तर भ्या वाटाया लागलंय.

कल्याण : भ्या कशाचं?

रंगुबाई : लेका, बारका हुतास तवा रोज निजताना तुला कोडं घालीत हुते. तुझं उत्तर ठरल्यालं. म्हैस. सुईचं कोडं असू दे, चांदन्याचं असू दे. म्हैस!

कल्याण : घोडेगावच्या पोराला दुसरं काय सुचणार? बाजाराच्या दिवशी दारापुढनं म्हशीच तर जायच्या.

रंगुबाई : शाळंतबी तेच, लग्नात सुकन्याच्या नावानं उखाना घे म्हनलं तरी घाम. अन् आता पन्नाशीच्या तोंडाला डोकं उघडलं व्हय तुझं?

कल्याण : बघ सुकन्या, आईच आहे ना ही? पोरगं हुशार झालं तर पेढे वाटायचे सोडून…

रंगुबाई : पेढं ऱ्हाऊ दे. सुकन्या, आज गावं किती आली गं?

सुकन्या : आज… नाही आलं, आत्या.

रंगुबाई : एकबी?

सुकन्या : एकही नाही.

रंगुबाई : कालबी तू असंच म्हनालीस. परवाबी. म्हंजी राजूर न्हाईच आलं.

सुकन्या : राजूर आलं तर मी तुम्हाला झोपेतून उठवून सांगेन. सांगितलंय ना.

कल्याण : अगं आई, गावं न्हाई आली तर काय बिघडलं? माणसं येतायत की. मी आकडा बघितला. पहिल्यापेक्षा जास्त माणसं तुझी कोडी सोडवतायत. कोडी सुटली की झालं!

रंगुबाई : कोडं सुटाया घालत न्हाईत, बाबा. अडाया घालत्यात. आमी खुरपाया जायचो, तर एका वळीला दोन-दोन गावं जिंकायची मी. कोडं अडलं की समोरचीनं म्हनायचं, हरले बाई, गाव दिलं. कोनतं दिलं? तर सोनई दिली. मंग मी सोनईला जाऊन काय खाल्लं ते सांगायचं, समद्या हासायच्या, अन् मंगच उत्तर. फुकाट उत्तर कुनी देत नव्हतं.

सुकन्या : म्हणून तर तुमच्या कोड्यांच्या साइटवर ते बटण केलं मी. 'हरलो, गाव दिलं.' गावाचं नाव लिहिल्याशिवाय उत्तर उघडतच नाही. पण चार दिवस झाले, ते बटण कोणी दाबलेलंच नाही. हरतंच नाहीये कोणी.

रंगुबाई : मागच्या म्हयन्यात तर रोज यायची. चांदा आलं, खरवंडी आली. शनिशिंगणापूर आलं.

कल्याण : ते घ्यायला सोपं. दारंच न्हाईत.

रंगुबाई : अन् ते एक लांबचं कुठलं? डबलीन.

सुकन्या : डब्लिन.

रंगुबाई : कोनत्या तालुक्यात म्हनलीस ते?

सुकन्या : समुद्रापलीकडं आहे, आत्या. चांद्याचा एक मुलगा तिकडं नोकरीला आहे. तुम्ही तिथं काय खाल्लं म्हणून लिहू, असं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, भाकर.

रंगुबाई : मंग काय, तिथं माती खात्यात?

कल्याण : हे बघा, तुमचं गावं-गावं चालू दे. मुद्दा काय आहे? साइट ठेवायचं भाडं. पहिल्या वर्षी त्या कंपनीनं फुकटात दिल्यासारखी जागा दिली, आता तिप्पट मागतीय. महिनाअखेर न्हाई भरलं तर बंद. म्हणून मी कॉम्प्युटरवाल्या छगनला सांगून जाहिराती लावून घेतल्या. आपण काय करायचं? काही न्हाई. लोकांनी कोडी वाचायची, बाजूला जाहिरात दिसायची, भाडं निघायचं. यात कुणाचं काय गेलं?

रंगुबाई : कोडी भाड्याच्या खोलीत ऱ्हात्यात, हे मला कुनी सांगितलंच न्हाई.

सुकन्या : थांबा. छगननं जाहिराती कधी लावल्या?

कल्याण : झाले की चार दिवस.

सुकन्या : आणि तुम्ही हुशार कधी झालात?

कल्याण : म्हंजे?

सुकन्या : चार दिवस. गावं कधीपासून बंद? चार दिवस.

कल्याण : जाहिरात बघून माणूस हुशार होतो का? तसं असतं तर आपला भीमा कुठल्या कुठं पोचला असता. चोवीस तास टीव्हीपुढं असतो.

सुकन्या : भीमाभाऊजींचाही काल फोन होता. 'वहिनी, अवघड घाला की जरा, सगळी सुटतात,' म्हणत होते.

रंगुबाई : भीमाला सुटली? मंग नक्कीच कायतरी घोळ हाय.

सुकन्या : मला कोडी तोंडपाठ, मी कशाला ती पानं उघडून बघतेय. थांबा, उघडतेच. हे घ्या. पहिलंच. 'पावसात फुलते, घरात मिटते, कोपऱ्यात उभी राहून रडते.'

(सुकन्या मोबाईल रंगुबाईंच्या पुढ्यात धरते.)

रंगुबाई : अगं, ही छत्री हितं कुनी काढली?

सुकन्या : कुठं?

रंगुबाई : ही काय, कोड्याखाली! मला अक्षर येत न्हाई, पर चित्र तर दिसतंय. लाल छत्री, मोडायच्या दांडीची. तू लावलीस?

सुकन्या : अगं बाई! ही जाहिरात आहे. 'यंदाच्या पावसाळ्यात तिघडी छत्री, एकावर एक मोफत.'

रंगुबाई : कोड्याखाली उत्तर टांगून ठेवलंय की!

सुकन्या : दुसरं बघू. 'विहिरीत बसते, घटाघटा पिते, पोट मात्र शेताचं भरते.'

कल्याण : …मोटर.

सुकन्या : आणि खाली काय आहे?

कल्याण : …मोटर.

सुकन्या : तांब्याच्या वायंडिंगची, दोन वर्षांच्या वॉरंटीची. आणि तुमचं ते तिसरं, 'जुळे भाऊ दोघं मुके, म्हातारपणी बोलके,' त्याच्याखाली काय होतं? खरं सांगा.

कल्याण : तेल.

सुकन्या : कसलं तेल?

कल्याण : आता… गुडघेदुखीचं.

रंगुबाई : कल्याण!

कल्याण : अगं, मी काय मुद्दाम बघतो का? नजर जातेच की! मला वाटलं, माझं मलाच सुचतंय. आतनं आल्यासारखं वाटायचं, खरंच. छातीत एकदम लख्ख व्हायचं.

रंगुबाई : ते सोड. त्या तेलाची बाटली केवढ्याला हाय?

सुकन्या : आत्या!

रंगुबाई : इच्यारते नुसतं. इच्यारायला काय जातंय? पर मला एक कळंना. उत्तर त्याला कसं ठावं? तू तर म्हनलीस, उत्तर झाकून ठिवलंय.

सुकन्या : झाकलंय माणसापासून. बटणाच्या मागं, त्याच पानात. पण जाहिराती लावणारं ते यंत्र आधी सगळं पान वाचून काढतं. कशाबद्दल लिहिलंय, त्याप्रमाणं माल आणून मांडतं. त्याला बिचाऱ्याला वाटलं, ही बाई छत्रीबद्दल लिहितेय.

रंगुबाई : म्हंजी पदराखाली झाकल्यालं आदी बघतंय, अन् मंग चव्हाट्यावर वराडतंय.

कल्याण : त्याला तरी काय कळतं? बाजारात कुणी 'म्हैस' म्हणलं की दलाल धावत येतो, तसंच ते.

रंगुबाई : दलाल कोडं घालताना मधी येत न्हाई, लेका.

कल्याण : बरं, मग ह्या बंद करू. आपल्याच चौकातल्यांच्या जाहिराती घेऊ. रंगनाथचं हॉटेल आहे, त्याचा फोटो लावू. मिसळ न् चहा. कुठल्या कोड्याचं उत्तर फुटणार न्हाई.

रंगुबाई : चहाचं कोडं हाय माझं.

सुकन्या : मिसळीचं पण आहे. 'लाल तळ्यात…'

रंगुबाई : गप, सांगू नको ह्याला!

कल्याण : अरे, मग तुमच्या कोड्यात सुटलंय तरी काय?

रंगुबाई : सुकन्या, एक बघ गं.

सुकन्या : काय?

रंगुबाई : साळीच्या कोड्याखाली काय दावतंय ते?

सुकन्या : …ते मी उघडलंच नाही अजून.

कल्याण : साळी म्हणजे ते 'हलकी, हरवली' वालं?

रंगुबाई : 'उचलली तर हलकी, ठेवली तर हरवली, मागं वळून बघावं तर आधीच घरी गेली.'

सुकन्या : त्या पानात उत्तर नाहीच ना ठेवलेलं. आपल्याकडं आहेच कुठं?

रंगुबाई : म्हनून तर. समद्यांची उत्तरं वाचून दावतंय ते. हितं वाचाया काय न्हाई. त्याचं त्याला येतंय का बघू.

कल्याण : हे भारीये. उघड, उघड. आई, मला आठवत न्हाई ही साळूबाई.

रंगुबाई : तुला कसं आठवंल, तू कडंवर हुतास. भिताडाला भीत लागून घर आमचं. एका पाटीतली भाकर खाल्ली दोघींनी. कांद्यात खुरपत हुतो अन् दिस बुडताना तिनं हे घातलं. मला काय येईना. ती म्हनली, हरलीस, गाव दे. मी म्हनलं, न्हाई देत. समद्यांकडनं गावं घेतल्यात म्या, मी कुनाला दिलं न्हाई. उद्याच्याला उत्तर आनते. तर उद्याच्याला त्यांचं बिऱ्हाड टेम्पोत. तिच्या मालकाची बदली, जंगलखात्यात, राजूरला.

सुकन्या : मग टेम्पोत चढताना तरी सांगायचं त्यांनी.

रंगुबाई : हरल्याबिगर कसं सांगंल? टेम्पोतनं वराडली, 'रंगे, देतीस का गाव?' मी मान हालवली. न्हाई म्हनून.

कल्याण : आणि परत भेट?

रंगुबाई : राजूर काय जवळ हाय? तिकडं डोंगरात. नगर जिल्हाच, पर जायचं निमित्त काय? लोकान्ला काय सांगायचं, कोड्याचं उत्तर इच्याराया चालले? हाय का न्हाई आता, ते बी ठावं न्हाई.

सुकन्या : हे कोडं टाकलं तेव्हापासून लोकांनी उत्तरं काय काय पाठवलीत. 'आठवण.' 'आईची माया.' 'बालपण.'

रंगुबाई : आठवन म्हनू नको मला! समदी शिकल्याली मानसं तेच लिवत्यात. साळी असलं रडकं कोडं घालनारी न्हवती. तिची उत्तरं हातात धरता यायची. खुरपं, चूल, पाटी. दाव, काय म्हनतंय ते यंत्र?

सुकन्या : अहो, द्या तुमचा मोबाईल, त्यावरच उघडते. थांबा, येतंय… टायर.

रंगुबाई : काय?

सुकन्या : टेम्पोचं टायर. 'नगरमधील खात्रीचे दुकान, जुने द्या, नवे न्या.'

रंगुबाई : टायर आन् हलकं? उचलून बघितलं का त्यानं कधी?

कल्याण : अगं, मी काल टायरच शोधत होतो मोबाईलवर.

सुकन्या : मग माझ्या मोबाईलवर बघू… लेस. ब्लाउजला लावायची लेस, मोत्यांची. मी परवा तीच बघत होते.

रंगुबाई : म्हंजी त्याला टायर, तुला लेस.

सुकन्या : हो. कोड्यात काही सापडलं नाही ना, म्हणून ते माणसाकडं बघून बोलतंय.

रंगुबाई : अस्संच! हरल्यालं मानूस अस्संच करतं. कोडं सोडून देतं अन् तुमच्या तोंडाकडं बघत बसतं, कायतरी गावंल म्हनून. आलं न्हाई त्याला, सुकन्या! एवढं मोठं यंत्र, त्यालाबी साळीचं कोडं आलं न्हाई!

कल्याण : आई, किती खूश झालीस तू.

रंगुबाई : व्हनारच. मला एकटीलाच येत न्हाई असं वाटत हुतं. हरलास म्हनाव त्याला. गाव दे.

सुकन्या : त्याला गाव नसतं, आत्या.

रंगुबाई : मंग त्यानं कोड्यात बसू नये.

सुकन्या : हे मात्र पटलं. अहो, छगनला फोन लावा. जाहिराती काढून टाक म्हणावं, आत्ताच्या आत्ता.

कल्याण : आणि भाडं?

सुकन्या : भाडं मी भरीन. लगीनसराईचे ब्लाउज पडलेत शिवायला. तशीही माझ्या हट्टानं केलीय साइट, कोणी सांगितलं नव्हतं. पण आपणच फोडलेली कोडी जपायला भाडं कशाला भरायचं?

रंगुबाई : ती एकली न्हाई भरनार. कल्याण, तुझ्याकडं बाकी हाय.

कल्याण : माझ्याकडं कसली?

रंगुबाई : चोरून सोडवलीस तेवढी गावं. चार दिवसांची.

कल्याण : घे. सोनई घे, वडाळा घे…

रंगुबाई : ती माझीच हायत, कवाच जिंकल्यात. सुकन्या, मघाशी ते टायरवाल्याचं काय वाचलंस? नगरमधलं म्हनलीस ना?

सुकन्या : हो. त्या दुकानदारानं सांगितलेलं असणार, माझी जाहिरात फक्त ह्या भागातल्यांना दाखवा. डब्लिनवाल्याला दाखवून काय उपयोग?

रंगुबाई : असं सांगता येतं? ह्याच भागाला दाव म्हनून?

सुकन्या : येतं. पैसे भरायचे, भाग सांगायचा.

रंगुबाई : राजूर सांगितलं तर?

कल्याण : तर राजूर न् आजूबाजूला, ज्याच्या हातात मोबाईल असंल त्याला… आई, जाहिरातीचे पैसे घ्यायला निघालो होतो आपण. तू द्यायला निघालीस.

रंगुबाई : मी कुटं? तू देनार हायस. तुझी बाकी.

कल्याण : अगं, पण साळूबाईकडं मोबाईल कुठं असणार?

सुकन्या : नातवाकडं असेल. सुनेकडं असेल. आपल्या घरात आत्यांचा कुठं आहे? तरी डब्लिनला भाकर खाऊन आल्याच की.

कल्याण : …बरं. चार दिवस चालवू. पण चारच हां, जेवढे दिवस मी हुशार होतो तेवढे. काय लिहायचं त्यात? कोडं टाकू? उत्तर कळवा, असं?

रंगुबाई : न्हाई. कोडं तिचंच हाय, तिला ठावं हाय. हरल्याबिगर ती सांगायची न्हाई.

सुकन्या : मग काय लिहू, आत्या?

कल्याण : आई, एकच ओळ बसते त्यात. बघून सांग.

रंगुबाई : एकच पुरं. लिव… 'साळे, रंगू हरली. घोडेगाव दिलं.'