काढलेला पार्ट

...नाही, तुम्हीच सांगा, मेमरी म्हणजे मेमरी ना? मग लॅपटॉपात ती दोन ठिकाणी कशाला ठेवायची? एक म्हणे रॅम, दुसरी म्हणे हार्ड डिस्क, आणि चाकणच्या कंपनीत उभी हयात क्वालिटीत काढलेल्या माणसानं ओळखायचं कसं की आपलं माणूस नेमकं कुठल्या डबीत बसलंय?

थांबा, पहिल्यापासनं सांगतो. आमची मंजुषा, म्हणजे आमच्या मिसेस, थेरगावात शिवणक्लास चालवायची. लॉकडाऊनमध्ये बायका यायच्या बंद झाल्या, तर ही लॅपटॉपसमोर बसून ब्लाऊजची कटिंग शिकवायला लागली, आणि सगळं त्यातच रेकॉर्ड. गेल्या वर्षी ती गेली. दवाखान्यात नेली आणि परत आणलीच नाही, असं झालं. तेव्हापासनं मी संध्याकाळी चहा घेऊन लॅपटॉप लावायचो. मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, पण कटोरीला टक्स कुठं घ्यायचा ते आता झोपेत विचारा. तिचा आवाज हवा असायचा हो, दुसरं काय.

आणि हा लॅपटॉप इतका मंद झाला, इतका मंद झाला राव, की चालू केला की नुसतं गोल गोल फिरतंय, चहावर साय धरली तरी फिरतंय, मंजुषा 'नमस्कार मैत्रिणींनो' म्हणायची त्यातलं 'नमस्कार' यायचं आणि 'मैत्रिणींनो'साठी मी आपला ताटकळत बसलेला. शेवटी गेलो डांगे चौकात, रणजीतच्या दुकानात. त्यानं उघडलं, बघितलं, म्हणाला, 'काका, मेमरी कमी पडतीये. रॅम डबल करू, आणि ही हार्ड डिस्क दमलीये, हिच्या जागी नवीन टाकू. पळेल बघा.' मी म्हटलं पळव. मेमरी डबल म्हणजे आपली मंजुषा आता ऐसपैस राहील, मला आपलं बरंच वाटलं.

काम झाल्यावर त्यानं जुनी डिस्क माझ्या हातात दिली. 'काका, ही जपून ठेवा. कॉपी करायची केबल आज नाहीये, उद्या घेऊन या.' बोलला तो, मी नाही कशाला म्हणू. पण तुम्हाला सांगतो, आमच्याकडं कंपनीत काढलेला पार्ट परत लावत नाहीत. आणि जपून तर आम्हीपण ठेवतो, लाल पेटीत, कुलूप लावून, म्हणजे चांगल्या मालात मिसळायला नको. केबलचं म्हणाल तर ते त्याचं दुकानदारीचं काहीतरी असेल म्हटलं.

एकदा आमच्या लाईनवर एक रिजेक्ट बुश, गाडीचा छोटा पार्ट हो, चुकून परत गेला होता, गाडीत बसलासुद्धा. साहेबांनी सगळ्या शिफ्टसमोर मला उभं केलं. 'रंगराव, रिजेक्ट माल वापरता येतोच कसा?' त्या दिवसापासनं माझ्या हातनं रिजेक्ट गेला की लाल रंग मारायचा आणि तो निकामी करायचा, म्हणजे कुणाच्या बापाला लावता येणार नाही.

तर घरी आलो. ग्रिलचा लाल रंग उरलेला होताच. दोन हात मारले, वाळू दिला, आणि ड्रिल मशिननं भोकं पाडली. एक नाही हो, चांगली तीन-चार, नीट ओळीत. स्वतःवर खूश होतो मी. काम चोख.

मग चहा केला आणि लॅपटॉप लावला. काय सांगू, बटण दाबतोय तोवर चालू. आणि आत काही नाही. कोरा. मी इकडं उघडतोय, तिकडं उघडतोय, मंजुषा कुठंच नाही.

सकाळी शटर वर जायच्या आधी मी दुकानासमोर. रणजीतनं डिस्क हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. 'काका, भोकं का पाडली?' म्हटलं, आमच्याकडं काढलेला पार्ट परत लावत नाहीत. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, 'काका, रॅम म्हणजे तुमच्या मशिनशेजारचं टेबल. काम चालू आहे तोवर सामान त्यावर, शिफ्ट सुटली की टेबल साफ. डिस्क म्हणजे स्टोअर. काकूंचं सगळं स्टोअरमध्ये होतं.' मग कितीतरी वेळ ती डिस्क फडक्यानं पुसत बसला. रंग निघतोय कशाला.

अहो, हेच, एवढंच, आदल्या दिवशी सांगितलं असतं तर? टेबल आणि स्टोअर मला कळत नाही का?

पुण्यात कुणी बिघडलेल्या डिस्कमधनं माल काढून देतं म्हणे, त्यांना त्यानं फोटो पाठवला. तिकडनं नुसते जोडलेले हात आले. क्लासच्या बायकांना विचारलं, कुणाकडं एखादा व्हिडिओ उरलाय का, तर त्यांचे फोन कधीच बदललेले. सांगवीला स्वरूपाला, आमच्या मुलीला, सांगितलं. रागावली नाही. 'बाबा, आईचं सगळं त्यातच होतं हो,' एवढंच म्हणाली आणि फोनवर रडली. मीपण रडलो, लपवायचं काय त्यात.

मग तिला तिच्या फोनात व्हिडिओचा एक तुकडा सापडला. आईनं कॅमेरा जमतोय का बघायला पाठवलेला. त्यात ब्लाऊज नाही, कटोरी नाही, 'नमस्कार मैत्रिणींनो'सुद्धा नाही. मंजुषा खडू हातात घेऊन उभी, आणि मागनं मी चहाचा कप घेऊन चाललोय. ती वळून म्हणते, 'अहो, सरका ना तिकडं, सारखे मध्ये येता.' संपलं.

रणजीतनं तो नव्या डिस्कमध्ये टाकून दिला, वर पेनड्राईव्हमध्ये, वर स्वतःच्या दुकानातपण एक. लाल डिस्क मात्र मी स्क्रॅपला दिली नाही, तिच्या शिलाई मशिनच्या खणात ठेवलीये. आमच्याकडं काढलेला पार्ट परत लावत नाहीत, ठीक आहे, पण घरात ठेवायला कुणाची मनाई आहे?

आता लॅपटॉप काय पळतोय म्हणता! मी चहा घेऊन बसतो, बटण दाबतो, चहा वाफाळतोय तोवर ती समोर हजर, आणि म्हणते, 'अहो, सरका ना तिकडं.'

आणि मी खुर्ची सरकवतो. रोज.