बोट कुणाचं?

सत्त्याण्णव? रात्रभर? मग भाऊजी पासच की हो, ताई! उगाच डॉक्टरीणबाईंनी घाबरवलं — आमचे भाऊजी म्हणजे शेजारचे, सख्खे नव्हेत. पण भिंत एकच, त्यांचा खोकला आम्हाला निम्मा येतो. दवाखान्यातून एवढं चालत आलात, बसा ना. ते खाली दाढीचं पातं आणायला गेलेत; तीन जिने चढायचे म्हणजे दर जिन्याला मुक्काम. जन्मभर मोटारींना फवाऱ्यानं रंग मारला, तोंडाला कधी फडकं बांधलं नाही — आता छातीत रंगाचं दुकान. तुमचं ते बोटात घालून प्राणवायू मोजायचं यंत्र मी पुसूनच दिलंय हं. — काय? पहाटे अर्धा तास बोटातून काढलेलं दिसतंय? अहो, मग कणीक मळताना काय ठेवायचं? — म्हणजे, भाऊजीच मळतात कणीक. — हसू नका. बरं, नाही मळत. माझ्या बोटाला होतं. झालं समाधान?

त्यांनीच गळ घातली — "वहिनी, एक रात्र तुमचं बोट द्या, नाहीतर माझे दोन पेग बंद होतील, मग झोप कुठली?" डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं होतं, दारूनं डोळा लागतो खरा, पण गळाही ढिला पडतो, आणि छाती आधीच अधू, ती श्वास घ्यायलाच आळस करते, प्राणवायू उतरतो, म्हणून सकाळी डोकं जड. तर भाऊजी म्हणाले, डोकं जड म्हणजे आत काहीतरी आहे! मी हसले — हसले आणि बोट दिलं. दरवर्षी माझ्या दाराला फुकट रंग लावणारा माणूस, नाही कसं म्हणू?

पण ताई, पलीकडचं घोरणं थांबलं की पुढचा श्वास ऐकू येईपर्यंत मी आकडे मोजते. प्यालेले नसले तर सात-आठ. काल पेग झाले होते — सत्तावीस! यंत्र इकडे माझं सत्त्याण्णव लिहीत होतं, आणि तिकडे सत्तावीस. लाटण्यानं भिंत बडवली, तेव्हा कुठं आतून शिवी आली. शिवी ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं हो! आमचे हे विचारतात, डोळे का सुजलेत? काय सांगू — शेजारच्या पुरुषाचे श्वास मोजते म्हणून?

तो सत्त्याण्णव लिहिलेला कागद फाडा. यंत्र आजची रात्र राहू दे. चिकटपट्टीनं मीच बांधते, बघू कसं काढतात ते! — शू! ऐकलंत? जिन्यात शिट्टीसारखी छाती वाजतेय ना, ते आले. मी काही बोलले नाही हं, तुम्हीही नाही. — या भाऊजी, सावकाश! या ताई म्हणतात, कालचं सगळं पुसलं गेलं, पुन्हा मोजायचंय. करा बोट पुढं. — माझ्याकडे काय बघता? तुमचं!